दुसऱ्या फेरीनंतर बोलू

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात हल्ली आठवड्यातून एखादा तरी माणूस येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतो, "मला एडीएचडी आहे का ते बघायचंय." मोबाईलवर काहीतरी बघितलेलं असतं, बायकोने ढकलून पाठवलेलं असतं, नाहीतर तिसरी नोकरी सुटलेली असते. मी कपाटातून मराठी प्रश्नावली काढते, पेन देते आणि पाणी आणायला म्हणून बाहेर जाते. पाणी टेबलावरच असतं. पण समोरचा माणूस ते प्रश्न वाचत असताना मला तिथे बसवत नाही. मला उषा वाघमारे मॅडम आठवतात.

ही प्रश्नावली मूळची इंग्रजी. लक्ष टिकत नाही, कामं अर्धी राहतात, वस्तू सापडत नाहीत, धीर धरवत नाही, आणि हे सगळं लहानपणापासून आहे, अशा मोठ्या माणसांसाठीची. मराठीत तिचं भाषांतर कुणीही करेल. पण भाषांतर केलेली ही मोजपट्टी खरोखर तेच मोजते का, हे सिद्ध करायला माणसं गाठावी लागतात, शेकड्यांनी, आणि एकेकाला बसवून विचारावं लागतं. घाटकोपरच्या आमच्या संशोधन केंद्रात ते काम मॅडमनी अंगावर घेतलं होतं आणि मी त्यांच्या हाताखाली होते.

बुटक्या, सावळ्या, सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. वडील लातूरकडून मुंबईत आले, चेंबूरला राहिले, तिथेच ही भावंडं वाढली. डब्यात शेंगदाण्याची चटणी रोज, आणि ती इतकी तिखट की आमच्यातल्या कोकणातल्या लोकांनीही दुसऱ्यांदा मागितली नाही. बोलणं कमी. जे काय ते तीन शब्दांत: "विचारा, थांबा, लिहा." आम्ही केंद्रात मॅडमच्या पाठीमागे याची नक्कल करायचो. कँटीनमध्ये कुणी वडा संपवला का विचारलं तरी उत्तर तेच.

मुलाखत घेणाऱ्याने मान हलवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. माणूस बोलत असताना आपण मान डोलावली की त्याला वाटतं आपलं उत्तर बरोबर आलं, आणि मग तो पुढची सगळी उत्तरं आपल्याला खूश करायला देतो. ऐकायला सोपं आहे, करून बघा. आम्हाला समोरासमोर बसवायच्या, एकीने प्रश्न वाचायचे, दुसरीने रडगाणं गायचं, आणि जिची मान हलली तिने सगळ्यांचा चहा आणायचा. पहिला महिनाभर चहा मीच आणत होते. माझ्या सासूबाईंनी तर एक दिवस विचारलं, "तुझी मान आखडलीय का गं?"

ही सवय मॅडमच्या हाडात गेलेली होती. एकदा मुलुंडला एकीच्या घरी मुलाखतीला चाललो होतो. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, आतून घेऊ का हायवेने? कुठून लवकर पडेल?" मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "तुम्ही सांगा ना." मॅडम म्हणाल्या, "नाही, तुमचं म्हणणं सांगा." रिक्षा सिग्नलला उभी, मागे हॉर्न, आणि हे दोघं एकमेकांचं मत विचारतायत. शेवटी मीच ओरडले, "भाऊ, हायवेने घ्या हो!" मॅडम खळखळून हसल्या. त्यांना तसं हसताना मी फार कमी वेळा बघितलं.

सुरुवातीचं भाषांतर आम्ही मोठ्या ऐटीत केलं होतं. मॅडम ते घेऊन माणसांत गेल्या आणि त्याची पार वाट लागली. मढला एका कोळणीला विचारलं, वस्तू जागेवर सापडत नाहीत असं किती वेळा होतं? ती म्हणाली, "घरान आठ मानसा हान, जागेवर काय ऱ्हातंय?" रांगेत थांबायला त्रास होतो का, या प्रश्नाला बोरिवलीपासून चेंबूरपर्यंत प्रत्येकाने एकच उत्तर दिलं: "कोणाला होत नाही?" त्या हिशेबाने अख्खी मुंबई आजारी निघाली. मी वैतागले होते. मॅडम मात्र खूश. म्हणाल्या, "माणसं ठणठणीत आहेत गं. प्रश्न आजारी आहे. बदला." आणि पुन्हा पहिल्यापासून. घाई केलेली त्यांना खपायची नाही. खात्री नसलेलं वाक्य तर त्यांच्या तोंडून बाहेरच यायचं नाही. कुणी आपल्या पुतण्याचं वागणं सांगून "हेच असेल ना हो?" म्हणालं की ठरलेलं उत्तर: "तपासल्याशिवाय कसं सांगू?"

मिलिंद हा त्यांचा धाकटा भाऊ. कधीतरी आईने केलेलं काहीबाही घेऊन केंद्रात यायचा. यायचा म्हणजे काय, घुसायचा. जिना चढतानाच बोलणं सुरू. एकदा आला आणि माझ्या डोक्यावरचा पंखा आवाज करतोय म्हणून लगेच टेबलावर चढला. पंखा उघडला, निम्मे स्क्रू माझ्या हातात दिले, मग खिडकीतून कुणीतरी ओळखीचं दिसलं म्हणून खाली पळाला. खाली त्याची बाईक तो आल्यापासून चालूच होती. पंखा दोन दिवस तसाच लोंबकळत राहिला. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांसाठी जिलबी घेऊन माफी मागायला आला आणि पंख्याचं पुन्हा विसरला. चिडावं तरी कसं अशा माणसावर? हातात कसब होतं, मन लोण्याचं होतं. केबलवाल्याकडे लागला, कुरियरमध्ये लागला, मढच्या बंगल्यांत शूटिंगला लाईटच्या कामावर जात होता. सगळीकडे आधी लाडका व्हायचा आणि मग त्याला काढायचे. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही. नातेवाइकांत त्याचं वर्णन दोन शब्दांत व्हायचं: वाया गेलेला.

"एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचो आम्ही," मॅडमनी एकदा डबा खाताना सांगितलं. "मला बक्षीस, त्याला मार. शाळेत मार, घरी येऊन मार. आई म्हणायची, एकाच पोटची लेकरं, हे असं कसं निघालं? मी त्याचा गृहपाठ करून द्यायचे, तर तो वही हरवायचा."

"मॅडम, मग त्याला..." मी म्हणाले.

"हो. मला वाटतं."

त्यांच्या तोंडून 'मला वाटतं' मी पहिल्यांदाच ऐकलं. मानसशास्त्र शिकायला लागल्यापासून त्यांना ते वाटत होतं. भावाला एकदा त्यांनी विचारूनही पाहिलं होतं. तो हसत म्हणाला होता, "ताई, आळशी म्हणतात तेवढं बस झालं. आता येडा नको ठरवूस यार." इंग्रजी प्रश्न घाईघाईने मराठीत वाचून त्यांनी त्याला तपासलं असतं, तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांचं म्हणणं, सगळ्या जन्माचा प्रश्न आहे, त्याला कच्च्या मापाने मोजायचं नाही. पट्टी नीट होऊ दे. मग तो सगळ्यांसारखा येईल, सगळ्यांसारखी उत्तरं देईल, आणि मग मी त्याला खात्रीने सांगेन की अरे, तू आळशी नाहीस, कधीच नव्हतास. त्यांना एवढं एकच हवं होतं. बाकी नाव, पेपर, परिषदा हे सगळं आमच्यासाठी.

प्रश्न पक्के झाले, माणसं यायला लागली. पट्टी भरवशाची आहे का हे बघायला काही जणांना तेच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा विचारतात, उत्तरं साधारण तीच यायला हवीत. ती दुसरी फेरी. आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञांची तपासणीही त्याच दिवशी असायची, म्हणजे आजाराचं निदान दुसऱ्या फेरीलाच. आणि मधल्या काळात त्या माणसाशी याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. तुम्हाला अमुक असावं असं सांगून बसलात की पुढच्या वेळी तो त्या हिशेबाने उत्तरं देणार. कुणी काही विचारलंच तर आम्ही सगळ्या एका सुरात म्हणायचो: "दुसऱ्या फेरीनंतर बोलू."

मॅडमनी मिलिंदला सांगितलं, "मला माणसं कमी पडतायत, मदत कर." मदत म्हटल्यावर तो धावत आला. वरिष्ठांची रीतसर परवानगी त्यांनी आधीच काढली होती. मला बजावलं, "मुलाखत तू घे. मी खोलीत नसणार. तो काय म्हणाला ते मला सांगायचं नाही. मी विचारलं तरी सांगायचं नाही."

सुरुवातीच्या प्रश्नांना तो हसत होता, विनोद करत होता. अर्ध्यावर त्याचं हसू थांबलं. पाय हलत होता तोही थांबला. प्रत्येक प्रश्नाला तो माझ्याकडे बघायचा आणि उत्तर द्यायला वेळ लावायचा. संपल्यावर म्हणाला, "हे कोणी लिहिलंय? मला ओळखणारं कोणीतरी दिसतंय."

माझी मान हलली नाही. तयारी चोख होती आमची.

तिथून तो थेट मॅडमच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, असं बाकीच्यांना पण होतं काय गं?"

"दुसऱ्या फेरीनंतर बोलू."

"नाही, म्हणजे मला एवढंच सांग..."

"मिलिंद, नंतर. सगळं बोलू. शांतपणे बसून बोलू."

तो म्हणाला, "ठीक आहे ना. एवढी वर्षं काढली, पंधरा दिवसांचं काय." जाताना मला हात करून गेला. जिन्यावरून परत आला, हेल्मेट विसरला होता. ते घेतलं आणि पुन्हा गेला.

मॅडम त्या दिवसांत वेगळ्याच होत्या. डब्यातली चटणी आग्रहाने वाढत होत्या. एकदा तर गुणगुणताना सापडल्या. दुसऱ्या फेरीच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रजा टाकली होती, भावाला घेऊन मनोरीला जायचं ठरवलं होतं. तिथे समुद्रापाशी बसून सांगेन म्हणाल्या. घरात सांगितलं तर तो ऐकता ऐकता टीव्ही दुरुस्त करायला घेईल.

तो दिवस यायच्या आधीच मिलिंद गेला. हायवेवर बाईक घसरली, कुणाची धडक नाही, काही नाही. भर दुपारी. हेल्मेट डोक्यावर होतं.

जलदान विधीला आम्ही केंद्रातल्या सगळ्या चेंबूरला गेलो. भन्तेजी आले होते, पांढऱ्या साड्यांची गर्दी होती. खूप माणसं आली होती. ज्यांची कामं त्याने अर्धी सोडली होती तीही आली होती आणि रडत होती. त्या गर्दीत एक काका दुसऱ्याला हळू आवाजात म्हणाले, "पोरगा चांगला होता हो, पण पार वाया गेला." मॅडम माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि त्या वेळी मला त्या न हलणाऱ्या चेहऱ्याचा मनापासून राग आला. रडा ना हो, असं म्हणावंसं वाटलं.

त्या कामावर परत आल्या आणि अभ्यास पूर्ण केला. आकडेमोडीला एक संख्याशास्त्रज्ञ होते, पुण्याचे, सभ्य गृहस्थ. बैठकीत त्यांनी विचारलं, "या एका व्यक्तीची दुसरी फेरी दिसत नाहीये. कारण काय टाकू? आले नाहीत की नकार दिला?"

"मृत्यू," मॅडम म्हणाल्या.

"अरेरे. आणि तज्ज्ञांची तपासणी?"

"राहिली."

त्यांना कुणीतरी हळूच सगळं सांगितलं. ते बिचारे पार ओशाळले. मग म्हणाले की पहिल्या फेरीची उत्तरं हिशेबात ठेवता येतील, पण निदान म्हणून त्यांच्या नावापुढे काही लिहिता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "नियमात बसतं ते ठेवा. बसत नाही ते नको." बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माहीत असतं तर वाचला असता, असं मी म्हणत नाही, प्राजक्ता. तसं म्हणायला काही आधार नाही. पण त्याला माहीत होऊन तरी तो गेला असता. तो स्वतःला तेच समजत गेला गं, सगळे म्हणत होते तेच."

मी त्यांचा हात धरला.

पट्टी उत्तम निघाली. तिच्यावरचा पेपर छापून आला, पेढे वाटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडमनी राजीनामा दिला. आईला घेऊन लातूरला जाऊन राहायचं ठरवलं होतं. निघायच्या आधीच्या रविवारी त्यांचा फोन आला. "चेंबूरला येतेस का माझ्याबरोबर? आईला सांगायचंय. मुलाखत तू घेतली होतीस, तू असलेली बरी."

रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "अभ्यास संपला. आता सांगितलंस तरी चालेल. काय म्हणाला होता तो?"

मी सांगितलं. हे कोणी लिहिलंय, मला ओळखणारं कोणीतरी दिसतंय, असं म्हणाला होता. त्यांनी तोंड बाहेर वळवलं आणि चेंबूर येईपर्यंत इकडे बघितलं नाही. पदर ओला झालेला मला दिसत होता. आत्तापर्यंत आवरलेलं सगळं तिथे रिक्षात आलं, आणि रिक्षावाल्याने, देव त्याचं भलं करो, आरसा फिरवला.

आई पलंगावर बसल्या होत्या, पाय खाली सोडून. घरात अर्धी बांधाबांध झालेली. मिलिंदचा फोटो भिंतीवरच होता. आई मला म्हणाल्या, "बस बाई. जेवूनच जा." मग फोटोकडे बघून त्यांचं नेहमीचं सुरू झालं. "लई मायाळू लेकरू माझं. आळशी होतं, कशात टिकलं न्हाई, पर मायाळू."

"आई," मॅडम म्हणाल्या, "तो आळशी नव्हता. त्याला आजार होता. जन्मापासून होता."

मी चमकून बघितलं. तपासणी झालेली नव्हती, निदान नव्हतं, नियमाने त्यांना तसं म्हणता येत नव्हतं. 'बहुधा' नाही, 'असावा' नाही, 'मला वाटतं'ही नाही. सरळ सांगितलं. मग जमिनीवर आईच्या पायाशी बसून त्यांनी तो आजार काय असतो ते समजावलं, हरवलेल्या वह्या, अर्धी राहिलेली कामं, एकेक आठवण घेऊन. आई ऐकत होत्या.

"म्हंजी त्याच्या हातात नव्हतं ते?"

"नव्हतं, आई."

"आन् मी त्याला लई मारलं की गं."

"तुला कुठे माहीत होतं? तुला कुणी सांगितलंच नव्हतं."

आईंचा हात मॅडमच्या केसांवरून फिरत होता. मग तो हात थांबला.

"उषे, तुला कवा कळलं?"

मला वाटलं, आता मॅडम समजावतील. मोजमाप कच्चं होतं, पंधरा दिवस थांबायचं असतं, मध्ये बोलायचं नसतं. आम्हा पोरींना दहा वेळा समजावलेलं सगळं. त्यातलं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

"लई आधी, आई."

"मग त्याला का न्हाई सांगितलंस?"

"राहिलं."

आईंनी हात काढून घेतला. पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मॅडम तशाच खाली बसून राहिल्या, डोकं पलंगाच्या कडेला टेकून. मी दोनदा हाक मारली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जा, प्राजक्ता. तुला उशीर होईल." मी दार लोटून घेतलं आणि जिना उतरले. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत.